ग्राइंडरच्या पिशवीत चष्माही हवा

बर्फाच्या उतारावरून घसरत येण्यासाठी जी एकसंध फळी वापरतात, तिला स्नोबोर्ड म्हणतात. उतरताना तिची मजा, चढताना मात्र ती पाठीवरचे ओझे. म्हणून हौशी मंडळी ती लांबीत मधोमध कापतात. दोन पट्ट्या दोन पायांत घालून चढायचे आणि माथ्यावर जोडून पुन्हा एक फळी करायची. अमेरिकेतील युटा राज्यातल्या व्हॉइले कंपनीने १९९०च्या दशकात जुनी फळी घरीच कापून जोडण्याचे सामान विकायला काढले, तेव्हापासून हा उद्योग अनेक गॅरेजांत चालतो.

पुण्यात बर्फ नाही. पण ही खटपटी वृत्ती आपल्याला अनोळखी नाही. विजेच्या सामानाला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांना पासोड्या विठोबाचा परिसर, हार्डवेअरला शेजारची बोहरी आळी. एका फेरीत घरचा कारखाना उभा राहतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर अनेकांची गणपतीची मखरेही प्लाय आणि एमडीएफमधून कापली जाऊ लागली. स्वतःच्या हाताने वस्तू करणे ही उत्तम सवय आहे, आणि ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो यंत्र ज्या रीतीने घरी येते, त्याला.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे त्याच्या चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावत असते. दगड किंवा लोखंड घासण्यासाठी बनवलेल्या या यंत्राला लाकडाचे दातेरी ब्लेड लावले जाते, आणि मध्ये येते म्हणून गार्ड काढून ठेवला जातो. दाता लाकडात अडकला की यंत्र क्षणात उसळते. तेवढ्या वेळात हात मागे घेणे कोणालाही शक्य नाही. सरकारी रुग्णालयात असे हात घेऊन येणारी माणसे बहुधा हातावर पोट असणारी असतात. अंगठा गेला तर पकड जाते आणि पकड गेली तर रोजगार.

दुसरा धोका धुळीचा. स्नोबोर्डमध्ये लाकडी गाभा, त्यावर काचतंतूंचे थर आणि ते चिकटवणारे इपॉक्सी असते. काचतंतूंचे कण कातडी, डोळे आणि घसा चुरचुरवतात. लाकडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास नाकाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. एका मखराने काही होत नाही. पण सुताराचे रोजचेच काम तेच असते. कापलेली कड बंद करायला लागणारे इपॉक्सी कच्चे असताना हाताला लागत राहिले, तर त्याची ॲलर्जी जडू शकते आणि ती बहुधा जन्मभर राहते. हात थिनरने धुणे म्हणजे आगीत तेल. एन-९५ मास्क धूळ अडवतो, रसायनाची वाफ नाही. त्यासाठी मोकळी हवाच लागते.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये फिरत्या यंत्राला संरक्षक आवरण घालण्याची आणि कामगाराच्या डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद होती. घरातल्या बाल्कनीला आणि फर्निचरच्या साइटवरच्या सुताराला मात्र तिचे कवच नव्हते. म्हणून हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवरच सुटायला हवा. दुचाकीसोबत हेल्मेट द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. हेल्मेटशी पुणेकरांचे नाते काय, हे सांगायला नको! तरी तत्त्व बरोबर आहे. ग्राइंडरच्या पिशवीत डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय बिल होऊ नये. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचीही गरज नाही. व्यापारी संघटनांनी मनावर घेतले तर पुरे.

आणि एवढे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. बोट तुटले तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात उंच ठेवा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लावू नका, पेशी मरतात. १०८ला फोन करा आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कुठे होते, ते विचारून तिथेच जा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, काडीने काढू नका. रसायन गेले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मग दवाखाना गाठा.

शस्त्रक्रियेने जोडलेले बोटही पूर्वीसारखे चालेल याची खात्री नसते. गार्ड बसवायला दोन मिनिटे लागतात.