कसोटी सर्वांस एकच

ज्याची मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास मोकळी असते व जींत कोणासही सुधारणा सुचवितां येते, तें मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. विचुंब्यांतील विद्यार्थ्याच्या अँड्रॉइड फोनवर मराठी जोडाक्षरें नीट उमटतात, त्यामागें 'हार्फबझ' नांवाचें असेंच सॉफ्टवेअर आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें घडविलेले 'मुक्ता' व 'बालू' हे टंकही मुक्तच आहेत.

अशा कामास अनेकांचे हात लागतात. म्हणून कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी यंत्रानें संपूर्ण सॉफ्टवेअर नव्यानें बांधून पाहावें व ठरलेल्या चाचण्या घ्याव्या, अशी पद्धत पडली आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही कसोटी नवख्यास जशी, तशीच जाणत्यासही लागू असावी.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. मराठी न जाणणाऱ्या एखाद्या कुशल कारागिराच्या हातूनही हा भेद सहज पुसला जाईल. परंतु हे दोन शब्द चाचणींत आधींच घालून ठेविले असतील, तर यंत्र तत्काळ हटकील.

कोणी म्हणतील, जुन्या कार्यकर्त्यांवर हा अविश्वास होय. त्यांनीं 'एक्सझेड'चें प्रकरण पाहावें. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केलेल्या देखभालकर्त्यानेंच २०२४ सालीं त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. तिला चालना देणारा भाग सार्वजनिक आज्ञावलींत नव्हताच. तो केवळ वाटपाच्या गठ्ठ्यांत होता. सार्वजनिक आज्ञावलीवरूनच यंत्रानें गठ्ठा बांधावा, असा नियम सर्वांवर असता, तर ती वाट तशी उघडली नसती.

यंत्र सर्वज्ञ नव्हे, हेंही खरें. प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, या शंकेचा पाठपुरावा करून आन्द्रेस फ्रॉइंड या गृहस्थानें २९ मार्च २०२४ रोजीं ती लबाडी उघड केली. तपासणी हवी, आणि डोळसपणाही हवा.

नवख्यांचा हिरमोड होईल, ही भीति मात्र व्यर्थ आहे. चूक कोठें झाली हें यंत्रानें स्पष्ट सांगितलें म्हणजे झालें. विद्यार्थीमित्रहो, सोनें कोणाच्या घरचें, हें कसोटीचा दगड विचारीत नाहीं. खेड्यांतील मुलास याहून मोठा न्याय कोणता?