सुगीचा सण आणि शेताचा कोपरा

बायबलांत सांगितलेला सप्ताहांचा सण यहुदी लोक आजहि शवुओत या नांवानें पाळतात. पहिली पेंढी अर्पण केल्यापासून सात आठवडे मोजावे आणि पन्नासाव्या दिवशीं नव्या धान्याच्या दोन खमिराच्या भाकरी परमेश्वरापुढें आणाव्या, असा लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायाचा विधि आहे. इ. स. ७० सालीं रोमनांनीं यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें व तें अर्पण बंद पडलें. आतां मंदिर नाहीं आणि बहुतेकांस शेतहि नाहीं. तर आजच्या श्रद्धावंतानें या सणाचा अर्थ काय घ्यावा?

आमच्या मतें उत्तर त्याच अध्यायांत आहे. सणाचा विधि संपतांच २२ वें वचन आज्ञा करतें कीं, शेताच्या कोपऱ्याचें पीक पुरतें कापूं नये व पडलेला सरवा वेचूं नये. तो गरीबासाठीं व परक्यासाठीं ठेवावा. हा केवळ दानधर्माचा उपदेश आहे असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. दान हें देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. येथें मर्जीच काढून घेतली आहे. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहानें हा कोपरा साठाव्या हिश्शाहून कमी नसावा असें ठरविलें, आणि तो अमक्याच गरीबास देईन असें म्हणण्याचा अधिकारहि शास्त्रकारांनीं मालकास ठेवला नाहीं. कायद्याच्या भाषेंत हा गरीबाचा हक्क झाला. याच हक्कानें रूथ ही परकी मवाबी विधवा बवाजाच्या शेतांत सरवा वेचूं शकली. तिची कथा या सणांत वाचतात, ती उगाच नव्हे. ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्टहि याच पन्नासाव्या दिवसाचा. प्रेषितांच्या कृत्यांत त्या दिवसाच्या वृत्तांतामागोमाग विश्वासणारे आपली मालमत्ता विकून गरजवंतांस वांटून देत, असें वर्णन येतें.

शेत नसलेल्या व्यापाऱ्यानें काय करावें? लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत सरव्याची आज्ञा पुन्हा आली आहे. तेथेंच मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवूं नये, आणि तराजू, वजनें व मापें खरीं ठेवावीं, असेंहि बजाविलें आहे. दुकानाचा कोपरा तो हाच. कोंकणांतील बेने इस्राएल लोक शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. धर्मासाठीं कमाईचा एक भाग सोडणें धंदेवाल्यासहि साधतें, याचा हा घरचाच दाखला आहे.

भाकरी अर्पिण्याचें स्थान गेलें, पण कोपरा सोडण्याची आज्ञा कोणत्याहि मंदिराबरोबर गेली नाहीं. मजुराची बाकी थकवून जो सण साजरा करतो, त्याची सुगी झाली असेल. त्याचा सण मात्र झाला नाहीं.