रहस्य नको, काठी द्या!

मंडळी, मुलांसाठी विज्ञान म्हटलं की हल्ली एक शब्द हमखास पुढे येतो - 'रहस्य'. विश्वाची रहस्ये, सागराची रहस्ये, निसर्गाची अद्भुत रहस्ये! पुस्तकांच्या दुकानात तेच, यूट्यूबवर तेच. मागे गूढ संगीत, पुढे घोगरा आवाज. मूल डोळे विस्फारून बघतं आणि आईबाप खूश - आमच्या बाळाला विज्ञानाची केवढी गोडी!

मला हे पटत नाही. ही गोडी विज्ञानाची नाही, गोष्टीची आहे. गोष्ट वाईट असं मी कशाला म्हणेन? जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, गोष्टींवरच माझा वर्ग चालला. पण ऐकणं वेगळं आणि स्वतः शोधणं वेगळं. पुरणपोळीचं वर्णन ऐकून कुणाचं पोट भरलंय?

साधं उदाहरण घेते. सूर्य कुठे उगवतो? शेंबडं पोरही सांगेल, पूर्वेला. पण नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनच्या अखेरीस मुंबई-पुण्याकडे तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला असतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे सहा महिन्यांत सूर्य पाच मुठी सरकतो! गच्चीवरून फुकट दिसणारी ही गोष्ट किती मुलांनी पाहिली आहे?

तसंच 'दुपारी बाराला सूर्य डोक्यावर'. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं. मुंबई त्याच्या जवळजवळ १० अंश पश्चिमेला आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून मुंबईचा मध्यान्ह सरासरी १२.३९ च्या सुमारास. नागपूरचा त्याआधी सुमारे २५ मिनिटं. आणि अगदी डोक्यावर? तेही वर्षातून दोनच दिवस. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५ मे, नागपूरला २६ मेच्या सुमारास. त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरी खेप जुलै-ऑगस्टात येते, ती बहुधा ढगांत हरवते. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला म्हणून हे आपल्याला लाभतं. दिल्लीकरांना कधीच नाही, आणि न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याच्या मुलांना तर नाहीच नाही.

यावरही दर मे महिन्यात ढकलपत्रं येतात - 'अद्भुत चमत्कार!' अहो, चमत्कार कसला? आठवडाभर आधीपासून सावली मोजलीत तर ती रोज आखडताना दिसेल. चमत्कार म्हटलं की माणूस हात जोडतो. मोजायला घेतलं की प्रश्न विचारतो.

आता खरं दुखणं सांगते. ओळखीतल्या एका सहावीतल्या मुलीने परीक्षेत लिहिलं, "सूर्य रोज थोड्या वेगळ्या जागी उगवतो. आमच्या खिडकीतून डिसेंबरात पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे, मे महिन्यात डावीकडे." शाळेचं नाव नको. उत्तरावर लाल फुली आली. पुढच्या परीक्षेत पोरीने मुकाट्याने 'पूर्व' लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले. घरच्यांना आनंद झाला, मला नाही. वर्षभर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं आणि छापलेलं खरं, हा धडा तिला त्या एका फुलीने दिला. हा धडा मुलं विसरत नाहीत. उद्या कुणी ग्रहणाची भीती घालेल, कुणी भोंदू औषध विकेल, तेव्हा 'थांबा, मी बघते' असं ती म्हणेल का?

कुणी म्हणेल, पहिलीच्या पोराला एवढं कुठे सांगायचं? कबूल. पहिलीत 'पूर्व' पुरे. पण सहावीत? आणि निदान मुलाने खरं लिहिलं तर फुली तरी मारू नका. कुणी म्हणेल, अभ्यासक्रम संपत नाही, वेळ कुठे आहे? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, काठीच्या सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला पाच मिनिटं लागतात. आणि 'रहस्य म्हटल्याशिवाय मुलं वळत नाहीत' म्हणाल, तर आधी काठी रोवून बघा. पोरं तिच्याभोवती कशी जमतात ते दिसेलच.

ही काठी काही सामान्य नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त शंकू आणि त्याच्या सावलीचं गणित आहे. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने हेच केलं. सायीनी गावी सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांतलं अंतर गुणिले ५०, झाला पृथ्वीचा परीघ! ना दुर्बीण, ना संगणक.

म्हणून नातवंडांच्या आईबापांना माझं सांगणं आहे. वाढदिवसाला रहस्यांचं आणखी एक गुळगुळीत पुस्तक आणू नका. एक सरळ काठी, ओळंबा आणि खडू द्या. मुलाला गच्चीवर न्या, आणि मग कृपा करून गप्प बसा. उत्तर सांगायची घाई आपल्यालाच असते. सावली कुणाच्या पुस्तकाला विचारून पडत नाही.

बघा पटतंय का.