हुतात्म्यांची आठवण
आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते.

भाई वकील होते. त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा पण काढल्या. म्हणून मला वाटते, फोटोला नुसता हार घालून भागत नाही. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. चौथीच्या मुलांनी पहिलीच्या एकेका मुलाला वाचायला शिकवावे. ७ डिसेंबरला सैनिकांचा ध्वजदिन असतो. तेव्हा खाऊच्या पैशांतून एक रुपया तरी द्यावा. तो शहीद जवानांच्या घरच्यांना उपयोगी पडतो. पालकांनी पण आम्हाला सिद्धगडला न्यावे. जागा पाहिली की नाव विसरत नाही.