डिंकाची बाटली शेवटी

अल्बम अर्धवट राहतो तो पहिलं पान देखणं करायच्या हट्टापायी. कोरी वही आणायची, रंगीत कागद, नक्षीची कात्री, स्केचपेनं आणि फेविकॉल सतरंजीवर पसरायचा आणि लग्नाच्या फोटोला हात घालायचा. पहिलं पान होतंही झकास. दुसऱ्या पानाला साखरपुड्याचा एक फोटो सापडत नाही, म्हणून ट्रंक उपसायची. तिच्यातून बारशाचे फोटो निघतात, ते बघता बघता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि वही फडताळात जाते. आमच्या मुळशीत पिरंगुटपासून पौडपर्यंत ज्या घरी म्हणून मी हा विषय काढला, तिथे दीड पानांची एखादी वही निघालीच. ही सवय शाळेतल्या चिकटवहीची. उद्या बाईंना दाखवायचंय, तर आज रात्री एक पान पुरं करा, आणि मागचं-पुढचं कुणी विचारू नका.

वास्तविक मुळशीच्या माणसाला हे शिकवायची गरज पडू नये. एक खाचर नांगरून, लावून, कापून, झोडून मग शेजारच्या खाचराकडे वळणारा शेतकरी आमच्याकडे कुणी पाहिलाय का? राब भाजायचे ते सगळे एकदम, तरवा टाकायचा तो सगळ्यांसाठी, चिखलणी झाली की सावडीने माणसं जमवून आवणी. प्रत्येक कामाचा आपला हंगाम असतो आणि त्या हंगामात सगळ्या रानात तेच काम चालतं. अल्बमची पानंही मी आता अशीच करते. एका पानावर सगळी कामं करायची नाहीत, एक काम सगळ्या पानांवर करायचं.

हंगामही मुळशीचेच. उन्हाळ्यात, जत्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा नावं लिहून घ्यायची. पावसाळ्यात निवड आणि आखणी. चिकटवायचं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी पडल्यावरच. ताम्हिणीच्या बाजूला हंगामात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत पापड मऊ पडतात, माचिस पेटत नाही आणि कागद तर ओल पिऊन फुगतो. श्रावणात चिकटवलेलं पान मार्गशीर्षात सुकतं आणि पन्हाळीसारखं वाकतं. वर फोटोवर बुरशीचे ठिपके येतात ते वेगळेच. म्हणून डिंकाची बाटली तोवर कपाटात, अगदी वरच्या फळीवर.

पहिलं काम नावांचं, आणि त्याला घाई हवी. कागद दहा वर्षं थांबेल, सांगणारी माणसं थांबतीलच असं नाही. माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. तिच्यासमोर एकदम सगळा ढीग ओतला तर ती पहिल्याच फोटोत अडकते आणि त्यातल्या गाईची वंशावळ सांगत बसते. ते ऐकायला गोड, पण काम पुढे सरकत नाही. तिला मी पत्त्यांसारखे चार-पाचच फोटो देते. मागच्या बाजूला कडेशी मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव आणि नातं लिहायचं. बॉलपेन नको. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, ती वरच्या फोटोला लागते. नातं कुणाच्या बाजूने तेही लिहायचं. नुसतं ‘काकू’ लिहिलेले फोटो आमच्या ट्रंकेत इतके निघाले की त्या काकू नेमक्या कुणाच्या, यावर घरात दोन तट पडले.

मग लावणी. लोक सालाप्रमाणे लावायला बसतात आणि साल आठवत नाही म्हणून उठतात. मी आधी आकाराप्रमाणे लावते, कारण जुन्या फोटोचा आकारच त्याचं साल सांगतो, निदान दशक तरी. कातरलेल्या नागमोडी काठाचा काळा-पांढरा फोटो म्हणजे बहुधा साठच्या दशकापर्यंतचा. तळहातात मावणारे चौकोनी, पांढऱ्या पट्टीचे फोटो आले की आग्फा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा समजायचा. एका रोलवर बाराच फोटो, त्यामुळे प्रत्येकात माणसं ताठ उभी आणि सगळ्यांचे डोळे उघडे. साडेतीन बाय पाचचे लालसर झालेले रंगीत फोटो ऐंशीच्या आगेमागे, आणि चार बाय सहाचे चकचकीत ते नव्वदीनंतरचे. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर मात्र विसंबू नका. सेल बदलला की त्या कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळपदावर जायचं आणि भर दिवाळीचा फोटो एक जानेवारीचा ठरायचा. स्टुडिओचा शिक्का मागे असला तर गावही कळतं. असे गठ्ठे झाले की एकाच रोलचे फोटो आपोआप एकत्र येतात आणि एकाचं साल कळलं की बाकीच्यांचंही कळतं.

निवडीला पावसाळा बरा. बाहेर पडता येत नाही, पाहुणे येत नाहीत, दुपार लांब असते. हात धुऊन कोरडे करायचे, खिडकी लावायची, फोटो कडांनाच धरायचा. छत्तीसच्या रोलमधले पाच-सहा ठेवले तर खूप झाले. यावर घरोघर भांडणं होतात. ‘हाही राहू दे’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आणि ते बहुधा वयाने मोठं असतं. त्याला नाही म्हणायचं नाही. फोटो फेकायचाच नाही, वेगळ्या डब्यात ठेवायचा. डबा भरला म्हणून अल्बम अडत नाही.

आता या सगळ्या पद्धतीचा कणा, तो म्हणजे लिफाफा. पोस्टाचे साधे खाकी लिफाफे घ्यायचे, प्रत्येक जोडपानाला एक. अल्बम उघडला की डावं-उजवं दोन्ही एकदम दिसतात, म्हणून आखणी जोडपानाचीच करायची. लिफाफ्यावर विषय लिहायचा: ‘थोरल्या जाऊबाईंची पहिली मंगळागौर’, ‘दूध डेअरीचं उद्घाटन’, ‘चुलत्यांची राजदूत’. आत पाच-सहा फोटो, एखादी पत्रिका, एसटीचं तिकीट आणि चार ओळींची चिठ्ठी. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्याची झेरॉक्स. मूळ कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग पाडतो. पंधरा-वीस लिफाफे दोरीने बांधले की अल्बम झाल्यातच जमा. मधे भातकापणी आली, घरात आजारपण आलं, तरी काही विस्कटत नाही. गठ्ठा उचलून ठेवायचा आणि सवड झाली की पुन्हा सोडायचा.

मांडणीचे फार प्रकार करू नयेत. मी तीनच वापरते: एक मोठा नि दोन छोटे, चार सारखे, आणि एक फोटो नि बाकी मजकूर. जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून ठेवलेत, ते पानावर सरकवून जागा ठरवायची आणि पेन्सिलीने टिंबं द्यायची. बाजारातली फुलं, फुलपाखरं, चकाकत्या टिकल्या यांना माझ्या अल्बममध्ये मज्जाव आहे. माझी भाची याला म्हातारपण म्हणते. म्हणो बापडी.

अल्बमच्या इतिहासात सोयीच्या नादाने पुष्कळ घोळ झालेत. डिंकाची कटकट मार्क ट्वेनलाही नकोशी होती. त्या विनोदी लेखकाने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचं पेटंट घेतलं; पानावर आधीच गोंदाच्या पट्ट्या, नुसतं ओलं करायचं. तीच हौस पुढे आपल्याकडच्या ‘मॅग्नेटिक’ अल्बमांत आली. त्यांत लोहचुंबक कसलं? नुसते चिकट पट्टे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. तीस वर्षांनी तो गोंद दगड होतो आणि फोटो पिवळे पडतात. अशा पानावरून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक धागा त्याच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवला तर बहुतेक वेळा सुटतो. हलला नाही तर तसाच ठेवून आधी त्याचा फोटो काढा.

चिकटवायचं म्हणजे तरी काय, फोटोला डिंक लावायचाच नाही. डिंक कोपऱ्यांना. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घ्यायची, मधोमध धरून दोन्ही टोकं खाली दुमडायची की त्रिकोणी खिसा होतो. फोटोचं टोक त्यात बसतं आणि मागचं नाव वाचायला फोटो केव्हाही बाहेर काढता येतो. साठ फोटोंना दोनशे चाळीस कोपरे लागतात. ऐकून धसका बसतो, पण संध्याकाळच्या मालिका बघता बघता दोघीतिघींचे हात चालले तर टोपली भरते. पानांसाठी मला हातकागद आवडतो. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद लाकडाच्या स्वस्त कागदासारखा तांबूस पडून तुटत नाही. महाग पडतो, पण पानं मोजून आधीच ठरवलेली असल्याने एकही वाया जात नाही.

सगळे लिफाफे ओळीने मांडले तेव्हा आमच्या अल्बममधली एक गोष्ट दिसली, जी पानापानाने करताना कधीच दिसली नसती. पहिला लिफाफा रिकामा होता. आमचं मूळ गाव धरणात गेलेलं. निळा-मुळेच्या संगमावर टाटांचं धरण होणार म्हणून १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, ते अडवायला मावळे कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच, आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने लढले. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालं, पाणी भिऱ्याला उतरून मुंबईला वीज गेली आणि पन्नासच्या आसपास गावांची शिवारं बुडाली. फोटो काढायला तेव्हा आमच्या खाचरात कोण येणार होतं? मुळशीतल्या कितीतरी घरांचे अल्बम असे पाण्यानंतर सुरू होतात.

लग्नाचा फोटो पुढे सरकवून ती जागा भरता आली असती. मी आत्याला एक मोठा कागद आणि पेन्सिल दिली. तिने ते गाव पाहिलेलं नाही, घरातल्या जुन्या बायकांकडून ऐकलेलं. तरी तिने न थांबता काढलं: देऊळ, त्याच्या उगवतीला विहीर, पाटलांचा वाडा, नदीकडे उतरणारी पाणंद, पाणंदीच्या तोंडाशी आंबा. मे महिन्यात मुंबईहून चुलते आले. त्यांनी तो नकाशा पाहिला आणि चष्मा काढून म्हणाले, ‘‘अक्का, विहीर मावळतीला. बाबा काय खोटं सांगत होते?’’ त्यांनीही गाव पाहिलेलं नाही. तासभर जुंपली, चहा दोनदा झाला. शेवटी त्यांना दुसरा कागद दिला.

दोन्ही नकाशे आता त्याच लिफाफ्यात आहेत. जोडपानावर डावीकडे आत्याचा, उजवीकडे चुलत्यांचा, प्रत्येकाखाली कोणी कोणाकडून ऐकलं ते. थोरल्या काकूंनी फोनवर सांगितलंय की विहिरी दोन होत्या आणि आपण गणपतीत येऊन काढून दाखवू. म्हणून तिथे तिसऱ्या कागदाची जागा धरून ठेवली आहे, आणि त्या पानाचे कोपरे तेवढे करायचे राहिलेत.