ड्रोन वर गेला, सतार खालीच राहिली

गेल्या हिवाळ्यात मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागीर चाचांसाठी मी जाहिरातीचा व्हिडिओ केला. ड्रोन मित्राचा, उडवणाराही तोच, एडिटिंग माझं. सकाळचं कोवळं ऊन, मीरासाहेब दर्ग्याचा घुमट, अरुंद गल्ल्या, गच्चीवर ठेवलेले भोपळे. चाळीस सेकंद, वरून एक गाजलेलं फिल्मी गाणं. झकास झालाय असं मला वाटलं.

चाचांनी मोबाइल जरा लांब धरून तो पाहिला. म्हणाले, "बेटा, यात सतार कुठं वाजते?"

कुठंच वाजत नव्हती. वर गेलेल्या ड्रोनला पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून आपण सगळेच गाणं चिकटवतो. सतार विकणाऱ्याच्या जाहिरातीत दुसऱ्याचं गाणं! मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे पंढरपूरकडचा भोपळा आहे, तुणीचं लाकूड आहे आणि जवारी काढणारा हात आहे. घोडीचा माथा कानशीने हळूहळू घासत, तार छेडून ऐकत, पुन्हा घासत सूर खुलवायचा. हे शंभर फुटांवरून कसं दिसणार? गिऱ्हाईक मात्र त्याचेच पैसे देतं.

दुसरी चूक चाचांच्या मुलीने दाखवली. "भाई, तिसऱ्या गच्चीवर बघा." शेजारच्या खाला केस वाळवत बसल्या होत्या. मी तो शॉट दहा वेळा पाहिला होता, त्या मला दिसल्याच नव्हत्या. आपल्या दाट मोहल्ल्यांत गच्ची म्हणजे अर्धं घर. आपल्या वस्तीवर कुणी कॅमेरा रोखला की आपण चिडतो, ते बरोबरच आहे. मग दुकानदाराने होकार दिला म्हणजे अख्ख्या गल्लीने दिला, असं आपण कसं धरतो? आदल्या दिवशी चार दारं वाजवायला अर्धा तास लागतो.

आणि कागद. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोनने धंद्याचं काम करायचं तर लागतं. आमचा ड्रोन जड होता आणि प्रमाणपत्र नव्हतं. 'सगळे असंच करतात' हे उत्तर मीही दिलंय. पण २०२४च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं धास्तावली होती, ते आठवा. अशा जमावासमोर रिमोट हातात धरलेल्या पोराचं नाव काय, यावर त्याचे पुढचे दोन तास ठरू शकतात. कडू आहे, पण आपल्या पोरांना हे आधी सांगायला हवं. कागद खिशात असला की निदान बोलायला तोंड राहतं.

प्रशिक्षणाची फी पाहून मित्र आणि मी दोघंही गप्प झालो. चार जणांनी मिळून एकाला शिकवायचं, असा विचार सध्या चाललाय.

व्हिडिओ मी पुन्हा केला, या वेळी ड्रोनशिवाय. चाचांच्याच गच्चीवरून मोबाइलने भोपळे टिपले. बाकी सगळं दुकानात, शटर अर्धं ओढून, पंखा बंद करून: कानशीची खरखर, मग तार. चाचांनी पाहिला आणि आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये." मग मला म्हणाले, "आवाज वाढव."