३० सप्टेंबरच्या आत शाळेत या!

तुमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा आज भरते आहे. घंटा होते, प्रार्थना होते, दुपारी खिचडी शिजते. म्हणून ती पुढच्या वर्षीही भरेल, असं धरून चालू नका. आजच शाळेत जा आणि पट विचारा. तो वीसच्या खाली असेल, तर शाळा धोक्यात आहे. तिला वाचवणं मात्र अजून तुमच्या हातात आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. महाराष्ट्रात अशा शाळा तेव्हा १४ हजार ७८३ होत्या. त्यांत १ लाख ८५ हजारांहून जास्त मुलं शिकत होती. लोकांनी विरोध केला, ओरड झाली. पण शाळा बंद पडायला आदेशच लागतो असं नाही. दोन शिक्षकांपैकी एकाची बदली होते, जागा रिकामी राहते. उरलेल्या बाईंच्या अंगावर चारही वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती येऊन पडते. त्या तालुक्याला बैठकीला गेल्या की वर्गाला शिक्षकच नाही. हे बघून दोन-चार पालक मुलांची नावं काढतात. पट उतरतो. पट उतरला की मंजूर पद जातं. पद गेलं की आणखी मुलं जातात.

हे चक्र थांबवा. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्या तारखेच्या आत तुमच्या वस्तीतलं एकेक मूल हजेरीपटावर आहे का ते बघा. वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबाचं मूल, आजीकडे ठेवलेलं ऊसतोड कामगारांचं मूल, नुकत्याच राहायला आलेल्या मेंढपाळाचं मूल, सगळ्यांची नावं घाला. दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू देऊ नका; कायद्यानं तसं करता येत नाही. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते का तेही तपासा. ती जुळली नाही, तर वर्गात बसलेलं मूलसुद्धा मोजणीतून सुटतं.

शाळा गेली तर काय होईल, ते तुमच्या घरात बसून बघा. दुसरीतली पोर. पाऊस लागलेला. ओढ्याला पाणी. पुढच्या गावची शाळा तीन-चार किलोमीटरवर. गाडी मिळेल असं सांगितलं जाईल. पण चिखलात गाडी वाडीपर्यंत येईल का? रोज सोडायला आणि आणायला कोण जाईल? आई मजुरी बुडवेल, की मोठी बहीण शाळा बुडवेल? आधी आठवड्यातून दोन दिवस खाडा होतो. मग महिनाभर. मग नाव पटावरच राहतं आणि पोर घरी धाकट्याला सांभाळते. मुलगी घरी बसली की लग्नाची बोलणी किती लवकर सुरू होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून तुमचा हक्क ठाऊक करून घ्या आणि तो मागा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामाला जुंपता येत नाही. तुमच्या शाळेत यातलं काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते एका कागदावर लिहा. त्यावर सह्या घ्या. तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

धोका फक्त छोट्या मुलांना नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांची शिक्षकपदंही अडचणीत आणली. भाषेला, गणित-विज्ञानाला आणि सामाजिक शास्त्राला शिक्षक हवेत असं कायदा सांगतो. ते नसतील तर सातवीतल्या मुलाला अपूर्णांक कोण समजावणार? शहरातल्या मुलाला शिकवणी लावता येते. डोंगरातल्या पाड्यावरच्या मुलाला शाळेशिवाय दुसरं काहीही नाही.

तुमच्याकडे एक खुर्ची आहे, तिच्यावर बसा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. पुष्कळ ठिकाणी ही समिती सहीपुरती उरली आहे. पुढच्या बैठकीला जा. आयांनो, तुम्ही नक्की जा. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम आहे. गळकं छप्पर, बंद पडलेलं मुलींचं स्वच्छतागृह, रिकामी शिक्षकाची जागा, सगळं त्यात लिहा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहा आणि ठराव मांडा: आमची शाळा इथेच राहील आणि तिला पुरेसे शिक्षक मिळतील. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही शाळेची गरज नोंदवून घ्या.

‘आता काय उपयोग,’ असं मनात येत असेल तर पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याकडे बघा. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा एकेकाळी पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले. २०२५ मध्ये त्याच शाळेनं जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार पटकावला. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. सरकारी शाळेत गुण नाहीत, हे खरं नाही. तिच्या पाठीशी गाव उभं राहिलं पाहिजे.

आणि तुम्ही, जे गाव सोडून मुंबईला, पुण्याला, सुरतेला किंवा साता समुद्रापार गेलात, तुम्हालाही ही हाक आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाटीवर पहिलं अक्षर याच शाळेत गिरवलं. फी नव्हती, म्हणून शिकता आलं. ते विसरलेले लोक तुम्ही नाही. गणपतीला गावी याल तेव्हा शाळेत अर्धा तास जा. समितीच्या अध्यक्षांना भेटा. रंगरंगोटीला पैसे देण्याआधी शिक्षक किती आहेत ते विचारा. जागा रिकामी असेल तर तुमच्या ओळखीचा, लिहिण्याचा, बोलण्याचा जोर तिथे लावा.

ही वाट आपल्याला नवी नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या मुलांपाशी शाळा नेली. त्यांनी शाळा मुलाच्या जवळ आणली. आपल्या पिढीनं ती लांब जाऊ द्यायची का?

आम्ही पालक, निवृत्त शिक्षक आणि शिकलेली तरुण मुलं-मुली मिळून सरकारी शाळांसाठी काम करतो. आमच्यापाशी सत्ता नाही. अर्ज लिहायला, कायदा समजावून सांगायला, तुमच्यासोबत कचेरीत यायला माणसं आहेत. आम्हाला बोलवा. पण पहिलं पाऊल तुम्ही टाका, कारण शाळा तुमची आहे आणि अधिकाऱ्याला गावाचा आवाजच ऐकावा लागतो.

आज पट विचारा. या आठवड्यात घरोघरी जाऊन सुटलेली मुलं शोधा. १५ ऑगस्टला ठराव करा. ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक नाव पटावर चढवा. शेजाऱ्यालाही सोबत घ्या. थांबू नका, निघा!